सीडीसोबत गोष्टीचं पुस्तक: वाचकांचे प्रश्न

जपानी संगीतकाराचा अल्बम आणि त्याच्याच जोडीला छापील गोष्टीचं पुस्तक, या प्रकाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. ठरावीक दुकानांची शिफारस मात्र कुणालाच केलेली नाही.

प्रश्न : ‘क्रोनो ट्रिगर’ या व्हिडिओ गेमचं यासुनोरी मित्सुदांनी केलेलं संगीत मला तोंडपाठ आहे. त्यांचा ‘किरिते’ नावाचा अल्बम गोष्टीच्या पुस्तकासकट निघाला होता असं कळलं. हा कोणत्या खेळाचा साउंडट्रॅक? (कोल्हापूर)

कोणत्याच खेळाचा नाही. ‘किरिते’ १८ मे २००५ रोजी निघाला. संगीत मित्सुदांचं आणि गोष्ट मासातो कातो यांची. या दोघांची जोडी तुमच्या ओळखीचीच आहे. ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) च्या कथानकावर काम केलेले कातो ते हेच, आणि ‘क्रोनो क्रॉस’ (१९९९) तर दोघांनी बरोबरच उभा केला. मित्सुदा १९९८ मध्ये नोकरी सोडून स्वतंत्र झाले, २००१ मध्ये प्रोसिऑन स्टुडिओ काढला. ‘किरिते’ ही त्या स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आहे. पडद्यावर काय दिसणार, लढाई किती सेकंद चालणार, धून कुठे पुन्हा सुरू व्हायला हवी, यातलं कुठलंच बंधन संगीतकारावर नव्हतं.

चार प्रकारांत गल्लत होते, म्हणून फोड करून सांगतो. साउंडट्रॅक खेळाच्या किंवा चित्रपटाच्या सोबतीला असतो. इमेज अल्बम चित्रपटाच्या आधी, कल्पनेवरून बांधलेला असतो. जो हिसाइशींचा ‘नाउसिका’चा इमेज अल्बम नोव्हेंबर १९८३ मध्ये आला, चित्रपट मार्च १९८४ मध्ये. ड्रामा सीडीत कलाकार संवाद बोलतात, म्हणजे ते श्रुतिनाट्यच. चौथा प्रकार तुम्ही विचारलेला. इथे गोष्ट कागदावर असते आणि तबकडीवर फक्त तिचं संगीत. नुसता आवाज मिळवून ऐकलात तर धुनी आवडतील, पण एखादी धून आधीच्या धुनेची आठवण का काढते ते कळणार नाही. आमच्या मते पुस्तकाशिवायचा ‘किरिते’ विकत घेऊच नये.

तो मिळेपर्यंत एक सोपी वाट आहे. याच दोघांचा ‘रॅडिकल ड्रीमर्स’ हा १९९६ चा खेळ जवळजवळ निव्वळ मजकुराचा आहे: पडद्यावर गोष्ट वाचायची, मधूनमधून पर्याय निवडायचा आणि मागे मित्सुदांचं संगीत. मुळात तो सुपर फॅमिकॉम या खेळयंत्राच्या उपग्रहावरून येणाऱ्या सेवेसाठी होता, त्यामुळे जपानबाहेर पोहोचलाच नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘क्रोनो क्रॉस’च्या नव्या आवृत्तीसोबत तो पहिल्यांदा अधिकृत इंग्रजीत आला. वाचन आणि संगीत एकमेकांना कसं धरून चालतं हे अजमावायला याहून सोयीचं काही नाही.

प्रश्न : आधी वाचायचं की आधी ऐकायचं? मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी उत्तीर्ण आहे. वाचता वाचता ऐकायला गेलो तर एका पानात तीन ट्रॅक संपतात. (पुणे)

हिशोब मांडला की अडचण कुठे आहे ते दिसेल. जपानी वृत्तनिवेदक मिनिटाला सुमारे ३०० अक्षरं वाचतो. मनातल्या मनात वाचणारा सराईत वाचक ४०० ते ६०० पर्यंत जातो. एन-३ च्या आसपासच्या वाचकाने, नवे कांजी (जपानीतली चिनी चिन्हाक्षरं) शोधण्याचा वेळ सोडून, १०० धरावीत. कथापुस्तकाच्या साध्या पानावर संवादांची मोकळी जागा वजा जाता ४०० च्या आसपास अक्षरं असतात. म्हणजे चार मिनिटांच्या एका ट्रॅकमध्ये तुमचं जेमतेम एक पान होणार. वाचन आणि संगीत एकाच वेळी चालवायचा हट्ट सोडा.

त्याऐवजी तीन फेऱ्या करा.

पहिली फेरी पुस्तक मिटून. अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत, ट्रॅकची नावंही न वाचता ऐकायचा. हाताशी कागद ठेवा आणि फक्त एवढंच टिपा: कुठली धून परत आली, किती मिनिटांवर, आणि या वेळी कोणत्या वाद्यावर. धून तीच पण आधी बासरीवर आणि मग फक्त पियानोवर, असा बदल दिसला की त्यासमोर खूण करा. गोष्टीत नेमकं तिथे काहीतरी घडलेलं असतं.

दुसरी फेरी वाचनाची, संगीत पूर्ण बंद. एक प्रकरण वाचायचं, अडलेले शब्द शोधून संपवायचे, मग पुस्तक खाली ठेवून त्या प्रकरणाचे ट्रॅक ऐकायचे. कोणते ट्रॅक कोणत्या प्रकरणाचे हे काही पुस्तकांत प्रकरणाच्या मथळ्याशीच दिलेलं असतं. नसेल तर ट्रॅकच्या नावातले कांजी कागदावर लिहून घ्या आणि मजकुरात शोधा. गावाचं नाव, ऋतू, एखादी वस्तू असे शब्द प्रकरणात बहुधा जसेच्या तसे सापडतात.

तिसऱ्या फेरीत दोन्ही बरोबर चालतील, कारण आता वाचणं म्हणजे नजर फिरवणं एवढंच उरतं. इथेही शब्द असलेलं गाणं सुरू झालं की पुस्तक बाजूला ठेवा. गायलेले शब्द आणि छापलेले शब्द एकाच वेळी डोक्यात शिरत नाहीत.

एकच ट्रॅक पुन्हापुन्हा लावून त्यावर अख्खं प्रकरण वाचणारे बरेच आहेत. आमचा त्याला विरोध आहे. जी धून अल्बमभर मोजून दोनदा येते ती तुम्ही एका संध्याकाळी आठ वेळा ऐकली, तर ती परत येण्यातली सगळी गंमत संपते.

गाण्यांबद्दल आणखी एक. काही अल्बमांत छापलेला शब्द एक आणि गायलेला भलताच असतो. कांजी एका अर्थाचे आणि वर बारीक अक्षरांत दिलेला उच्चार दुसऱ्याच शब्दाचा. ‘साउंड होरायझन’ या जपानी संगीतसमूहाच्या गीतपुस्तिकांत हा खेळ सतत चालतो. तुमच्या कानांचा दोष समजू नका. दोन्ही अर्थ धरून वाचायचं असतं.

प्रश्न : जपानी अजिबात येत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने पान वाचून भाषांतर केलं तर गोष्ट कळेल का? (छत्रपती संभाजीनगर)

गोष्टीचा सांगाडा कळेल, बारकावे निसटतील. तरी पद्धतशीर केलंत तर निकाल बराच सुधारतो.

कथापुस्तकाचा मजकूर बहुधा उभ्या ओळींत असतो. ओळ वरून खाली, ओळींचा क्रम उजवीकडून डावीकडे, आणि पुस्तकाची बांधणी उजव्या बाजूला. कॅमेऱ्याचं भाषांतर थेट पानावर धरलं की ओळी उलट्या क्रमाने जोडल्या जातात आणि वाक्यांचे तुकडे होतात. म्हणून आधी फोटो काढा. पुस्तक १०० ते १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका, नाहीतर कणा मोडतो. एका वेळी एकच पान, प्रकाश बाजूने, फ्लॅश बंद. मग फोटो कापून एका वेळी एकाच परिच्छेदाचा मजकूर काढा आणि तो मजकूर वेगळ्या भाषांतर-खिडकीत टाका.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कांजींच्या उजव्या कडेला छापलेला बारीक फुरिगाना (उच्चार सांगणारी अक्षरं) मूळ ओळीत मिसळतो आणि शब्द दोनदा येतो. तो हाताने काढून टाका. पात्रांची आणि गावांची नावं यंत्र प्रत्येक पानावर वेगळी करतं. पहिल्या पाच पानांतच नावांची यादी करून ती सगळीकडे बदलून घ्या. रंगीत चित्रावर छापलेला मजकूर यंत्राला सहसा दिसतच नाही. फोटो कृष्णधवल करून काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला तर निम्मा तरी सुटतो.

आणखी एक अडचण मराठीत भाषांतर घेतल्यावर जाणवेल. जपानी वाक्यात कर्ता पुष्कळदा लिहिलेलाच नसतो आणि क्रियापदाला लिंगही नसतं. मराठीला मात्र ‘गेला’ की ‘गेली’ हे ठरवावंच लागतं. यंत्र अंदाजाने ‘गेला’ करतं आणि नायिका पानभर पुरुष होऊन वावरते. कोण बोलतंय याची शंका आली तर वाक्याच्या शेवटाकडे पाहणाऱ्या एखाद्या जाणकाराला विचारा. बोलण्याच्या ढंगावरून त्याला ते चटकन कळतं. पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांची वानवा नाही.

छोट्या मजकुरापासून सुरुवात करायची असेल तर ‘तोहो’ या व्हिडिओ गेम मालिकेचे निर्माते ‘झुन’ यांच्या संगीतसंग्रहांच्या पुस्तिका पाहा. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह ५३ मिनिट्स’ (२००६) मध्ये दोन मैत्रिणी भविष्यातल्या रेल्वेने क्योतोहून तोक्योला ५३ मिनिटांत जातात. गोष्ट ट्रॅकनिहाय तुकड्यांत छापलेली आहे, त्यामुळे कोणता मजकूर कुठे हा प्रश्नच येत नाही. एका तुकड्याला फोनसकट पंधरा-वीस मिनिटं धरा.

प्रश्न : नवा अल्बम जाहीर झाला की दोन-तीन आवृत्त्या दिसतात, किमतीही वेगळ्या. कोणती नोंदवायची आणि कधी? जकात किती लागेल? (ठाणे)

गोष्टीचं पुस्तक कोणत्या आवृत्तीत आहे एवढंच आधी पाहा. सहसा ‘शोकाइ गेन्तेइ-बान’ म्हणजे पहिल्या छपाईची मर्यादित आवृत्ती आणि ‘त्सूजोओ-बान’ म्हणजे साधी, अशा दोन असतात. पुस्तक बहुतेक वेळा पहिलीत असतं. साधीत गीतांची पातळ पुस्तिका येते आणि चित्रांवरून दोन्ही सारख्याच भासतात. क्रमांक ताडून पाहा: प्रत्येक आवृत्तीचा कॅटलॉग क्रमांक वेगळा असतो. तिसरा प्रकार ‘जुचू सेइसान’, म्हणजे जेवढ्या मागण्या तेवढ्याच प्रती. त्याची मुदत संपली की नवी प्रत कुठेच मिळत नाही, फक्त जुन्या बाजारात आणि चढ्या भावाने. हा शब्द दिसला तर रेंगाळू नका.

नव्या सीडीच्या किमतीत घासाघीस शोधत बसू नका. जपानात पुस्तकं, मासिकं, वृत्तपत्रं आणि संगीताच्या तबकड्या यांना ठरलेल्या किमतीने विक्रीची कायदेशीर मुभा आहे, त्यामुळे दुकानादुकानांत फरक जवळपास नसतो. स्पर्धा चालते ती ‘तोकुतेन’वर, म्हणजे खरेदीसोबतच्या भेटीवर. एक दुकान पोस्टकार्ड देतं, दुसरं कापडी पिशवी, तिसरं एखादा जादा ट्रॅक. जादा ट्रॅक असेल तरच दुकान बदलण्यात अर्थ आहे, पोस्टकार्डापायी वेगळं पार्सल मागवू नका.

वेळेचं गणित: जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे दुपारी १२ ला नोंदणी उघडत असेल तर आपल्याकडे सकाळी ८:३०. मध्यरात्री उघडत असेल तर आदल्या संध्याकाळी ८:३०. विक्रीचा दिवस बहुधा बुधवार असतो (‘किरिते’चा १८ मेसुद्धा बुधवारच) आणि माल दुकानात मंगळवारी लागतो. तिथले चाहते मंगळवारी दुपारीच प्रत उचलतात, त्याला ‘फुरागे’ म्हणतात. त्यामुळे गोष्टीचा शेवट मंगळवारी रात्रीच सगळीकडे फिरू लागतो. शेवट आधी कळू द्यायचा नसेल तर सोमवारपासून त्या अल्बमचं नाव टाकून शोधू नका.

भारतात थेट न पाठवणाऱ्या दुकानातून घ्यायचं तर मध्यस्थ लागतो. एकूण खर्च असा जोडा: छापील किंमत (१० टक्के उपभोग कर धरून), जपानातलं अंतर्गत टपाल, मध्यस्थाचं शुल्क, आंतरराष्ट्रीय टपाल, जकात आणि कुरियरचं हाताळणी शुल्क. शेवटच्या दोन बाबी लोक विसरतात. साध्या सीडीचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास, जाड पुस्तक आणि पुठ्ठ्याची पेटी असेल तर ४०० ते ६०० ग्रॅम. खासगी कुरियर मात्र आकारमानाचंही वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ३० × २५ × १० चा खोका प्रत्यक्षात ६०० ग्रॅमचा असला तरी पैसे दीड किलोचे. मध्यस्थाला ‘खोका लहान करा’ असं सांगा, पण ‘बुडबुड्यांचं प्लास्टिक काढून टाका’ असं सांगू नका. पेटीचे कोपरे वाटेतच चेपतात.

जकातीचा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून आकडा छापत नाही. मागवण्याच्या आठवड्यात ‘वैयक्तिक वापरासाठी आयात’ या सदराखालचा दर पाहून घ्या. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायला लावून उपयोग नाही. ५००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची माफी डिसेंबर २०१९ मध्ये गेली. सवलत राहिली ती राखी आणि जीवनरक्षक औषधांना. किंमत कमी लिहायला सांगणं तर दुहेरी तोट्याचं. सापडलं तर दंड, आणि पार्सल हरवलं तर विम्याची भरपाई लिहिलेल्या किमतीएवढीच. बीजकावर ‘संगीताची सीडी व पुस्तक’ एवढं स्पष्ट असावं. कुरियर ओळखपत्र मागतो, ते पहिल्याच संदेशाला पाठवा. पार्सल विमानतळावर अडकून भाडं चढतं ते बहुतेक याच दिरंगाईमुळे.

प्रश्न : जुनी प्रत घेताना काय तपासायचं? वर्णनात जपानी शब्द असतात. (मडगाव)

विक्रेत्याकडे चार फोटो मागा: पेटी, पुस्तक, तबकडीची चकचकीत बाजू आणि तबकडीच्या मध्याजवळचं कडं. पुस्तकाचा फोटो वेगळा मागणं महत्त्वाचं. पेटीत पुस्तकाची जागा रिकामी असूनही ‘स्थिती उत्तम’ लिहिलेल्या प्रती विकल्या जातात, कारण विक्रेत्याने तबकडीचीच स्थिती लिहिलेली असते.

वर्णनातले शब्द असे. ‘ओबी-त्सुकी’ म्हणजे कण्यावर गुंडाळलेली कागदी पट्टी आहे, ‘ओबी-नाशी’ म्हणजे नाही. ‘केप्पिन’ म्हणजे काहीतरी गहाळ. हा शब्द दिसला की काय गहाळ ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘मिहोन-बान’ म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेली नमुना प्रत, हिच्यात पुस्तक नसण्याची शक्यता बरीच. ‘रेन्तारु-ओची’ म्हणजे भाड्याच्या दुकानातून काढलेली. तिच्यावर न निघणारी चिकटपट्टी आणि ओरखडे हमखास असतात. ‘याके’ म्हणजे उन्हाने किंवा वयाने पिवळेपणा. पुस्तकाच्या कडांना थोडा याके चालतो, त्यासाठी किंमत पाडून मागा.

ओबीला लोक नुसती शोभा समजतात. तिच्यावर कॅटलॉग क्रमांक, छापील किंमत आणि प्रकाशनाची तारीख असते, म्हणून बनावट ओळखायला तिची फार मदत होते. जपानी बारकोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतो. तबकडीच्या आतल्या कड्यावर कॅटलॉग क्रमांकाशी जुळणारी खूण असावी, आणि १९९४ नंतरच्या बहुतेक तबकड्यांवर ‘आयएफपीआय’ ही अक्षरं बारीक कोरलेली सापडतात. खेळांच्या संगीताच्या बनावट प्रतींचा एके काळी सुळसुळाट होता. त्यांत ओबी नसते, क्रमांक भलताच असतो आणि पुस्तिकेतली चित्रं फोटोवरून फोटो काढल्यासारखी मऊ दिसतात.

हातात आल्यावर तबकडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी एक-दोन छिद्रं दिसली तर घाबरू नका. सीडीची चूक-दुरुस्ती सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा खंड पूर्ण भरून काढते. ढगासारखा पट्टा किंवा कडेकडून आत येणारा तपकिरी डाग दिसला तर परत करा.

प्रश्न : पावसाळ्यात पुस्तकाची पानं सादळतात, गेल्या वर्षी पेटीवर बुरशी आली. (रत्नागिरी)

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते, आणि ६५ च्या वर बुरशीला फावतं. सगळी खोली कोरडी करण्यापेक्षा झाकण घट्ट बसणारा २० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान असावा. ३५ च्या खाली गेला तर जेल कमी करा, फार कोरड्या हवेत कण्याचा गोंद तडकतो. रंग बदलणारं जेल घेताना नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकघरात तापवण्याजोगं नाही. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून जेल पुन्हा वापरता येतं. डबा मे महिन्यातच, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना भरा. जुलैत भरलात तर दमट हवाच आत कोंडाल.

डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. कसरीसाठी त्या आपल्याकडे सर्रास टाकतात, पण सीडीचं पारदर्शक कव्हर पॉलिस्टायरिनचं असतं आणि नॅप्थलीनच्या वाफेने ते मऊ, चिकट होतं. पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही टाळा. त्यांतलं तेलकट द्रव्य वर्षा-दोन वर्षांत छपाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या पिशव्या चालतात.

पेटीत पुस्तक घट्ट बसत असेल तर पावसाळ्यात ते बाहेर काढून शेजारी उभं ठेवा. दमट हवेत कागद फुगतो आणि ओढून काढताना कव्हरची कड सोलते. चित्रांची गुळगुळीत पानं खरोखर भिजली तर पुस्तक मिटलेलं वाळू देऊ नका. त्या कागदावरचा लेप वाळताना गोंदासारखा चिकटतो आणि मग पानं सुटत नाहीत. ओलं असतानाच प्रत्येक पानात मेणकागद किंवा बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभं ठेवा. वरवरची बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावर मऊ ब्रशने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झटका. ऊन दाखवायचा मोह आवरा, ओबीचा लाल रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतो.

तबकडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. माहिती गोल फिरणाऱ्या रेषेत कोरलेली असते. आडवा ओरखडा ती रेषा तेवढ्यापुरती तोडतो, गोल ओरखडा लांबच्या लांब खाऊन टाकतो. आणि छापील बाजू जास्त जपा: धातूचा थर त्या बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो.

प्रश्न : संगणकावर उतरवल्यावर ट्रॅकची नावं अगम्य अक्षरांत येतात, आणि जोडून असलेल्या दोन ट्रॅकमध्ये टक् असा आवाज येतो. (नागपूर)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अगम्य अक्षरं म्हणजे ‘मोजिबाके’. जुनी जपानी नावं शिफ्ट-जेआयएस पद्धतीत साठवलेली असतात आणि तुमचा संगणक ती युरोपीय अक्षरं समजून वाचतो. टॅग बदलणाऱ्या कोणत्याही चांगल्या प्रणालीत मूळ पद्धत शिफ्ट-जेआयएस निवडून यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करा. नावं पुन्हा टंकायची गरज नाही. नावाच्या रकान्यात कांजीच ठेवा आणि वाचनासाठी देवनागरी किंवा रोमन रूप क्रमवारीच्या रकान्यात टाका. गाडीतल्या प्लेअरला कांजी दिसत नसतील तर फाईलच्या नावात ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक आधी घाला. ते नसतील तर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात आणि गोष्टीचा क्रम मोडतो.

टक् आवाज एमपी३ मुळे. एमपी३ करताना प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित मोकळी जागा भरली जाते. जोडलेल्या ट्रॅकमध्ये ती ऐकू येते. त्याऐवजी फ्लॅक ही फाईलची पद्धत वापरा. एका तासाच्या सीडीचा मूळ ऐवज साधारण ६३५ मेगाबाइट असतो, फ्लॅकमध्ये तो बहुधा ३०० ते ४०० वर येतो आणि काहीही गमावत नाही. उतरवताना ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखी अशी प्रणाली घ्या, जी ‘अ‍ॅक्युरेटरिप’च्या नोंदींशी निकाल ताडून पाहते.

शिवाय दोन गोष्टी बंद करा. शफल, हे उघडच आहे. दुसरी म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज एकसारखा करणारी सोय. गोष्टीच्या अल्बममध्ये हळू आवाजाचा ट्रॅक मुद्दाम तसा ठेवलेला असतो, ही सोय त्याला उचलून बाकीच्यांच्या पातळीला आणते. ठेवायचीच असेल तर ‘अल्बम’ पर्यायावर ठेवा.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात वीस जणांसाठी असा अल्बम ऐकवायचा आहे, सोबत गोष्टीचं आम्ही केलेलं मराठी भाषांतर वाटायचं आहे. चालेल का? (डोंबिवली)

ऐकवणं चालेल, वाटणं नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार नफ्यासाठी नसलेल्या मंडळाने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवलं तर तो भंग धरला जात नाही. तिकीट लावू नका. भाषांतराचा हक्क लेखकाकडे असतो, त्यामुळे प्रती काढून वाटण्यासाठी किंवा समूहावर टाकण्यासाठी परवानगी हवी. प्रकाशित मजकुरातले मोजके उतारे जाहीरपणे वाचून दाखवायला कायद्यात जागा आहे. म्हणून कार्यक्रम असा बांधा: प्रकरणाचा सारांश आपल्या शब्दांत तीन मिनिटं, एखादा छोटा उतारा, मग त्या प्रकरणाचे ट्रॅक. साठ मिनिटांच्या अल्बमला पावणेदोन तास लागतात, मध्यंतर धरून. पुस्तक हातोहात फिरवू नका, टेबलावर उघडं ठेवा आणि लोकांना तिथे येऊन पाहू द्या.

प्रश्न : ओबी घडीवर फाटली आहे. सेलोटेप लावू का? (सातारा)

नको. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग निघत नाही. फाट लहान असेल तर ओबी सपाट करून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला आणि तशीच राहू द्या. जोडायचीच असेल तर मागच्या बाजूने पातळ जपानी टिश्यू कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा. खळ पट्टीला लावायची, ओबीला नाही. वर-खाली बटर पेपर ठेवून जड पुस्तकाखाली एक रात्र दाबा.